आवाज बंद ठेवून पाहिलेली कबड्डी

परवा टीव्हीवर कबड्डीचा सामना लावला आणि पाच मिनिटांत डोकं फिरलं. चढाईपटूला बचावपटूचा हात लागला, झटापट झाली, झटापटीत दोघंही कडेच्या राखीव पट्ट्यात गेले आणि तिथून तो पठ्ठ्या सुटून मध्यरेषा ओलांडून परत आला. स्वच्छ गुण. आणि समालोचक काय बोंबलावा? "मैदानाबाहेर गेला! बाद!" पंचांनी गुण दिल्यावर तर कहरच. "पंचांकडून फार मोठी चूक!" अरे, चूक कुणाची? तो पट्टा स्पर्श होईपर्यंत मैदानाबाहेर आणि स्पर्श झाला की मैदानात, हे रत्नागिरी जिल्ह्यातली आठवीतली कुठलीही मुलगी पाठीवरचं दप्तर खाली न ठेवता सांगेल. हा कोट घातलेला, कानाला यंत्र लावलेला गृहस्थ लाखो लोकांना चुकीचं शिकवतो, वर पंचाला चोर ठरवतो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच खुर्चीत बसलेला असतो. मी उठलो आणि आवाज बंद केला.

आवाज बंद करून कबड्डी बघायची सवय मूळची माझी नाही. मास्तरकीच्या पहिल्या वर्षांत मी रत्नागिरीत नाचणे गावाच्या बाजूला ज्यांच्या माडीवर भाड्यानं राहत होतो, त्या घरमालकांची ती. सगळे त्यांना 'पंच' म्हणत. काकूसुद्धा. "पंच आंघोळीला गेलेत, बसा जरा," असं त्या मला सांगायच्या, तेव्हा सुरुवातीला मला वाटे की घरात पाचजण आहेत. माणूस किरकोळ, चालताना पायाचा आवाज न करणारा. एसटीत वाहतूक नियंत्रक होते. तीस वर्षं बसस्थानकावरच्या माइकवरून गाड्या पुकारल्या आणि सुट्टीच्या दिवशी, रजा टाकून, कधी रात्रपाळी संपवून थेट, जिल्हाभर कबड्डीच्या रेषेवर उभे राहिले. निवृत्त झाल्यावर माइक सुटला. शिट्टी सुटली नव्हती.

टीव्हीवर सामने असले की संध्याकाळी आठच्या आत त्यांचं जेवण उरकायचं. एरवी घरात बनियन आणि टॉवेल. पण सामन्याच्या वेळी इस्त्रीचा पांढरा सदरा आणि पांढरी पँट. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विचारलं, कुठे लग्नाला वगैरे निघालात का? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी चप्पल काढून गप्प उभा राहिलो. मुख्य म्हणजे ते बसायचे नाहीत. पडवीत दोन खुर्च्या आणि एक झोपाळा असताना हा माणूस टीव्हीच्या उजव्या अंगाला, भिंतीला चिकटून, अडीच तास उभा. तिथून निम्मा पडदा दिसायचाच नाही.

"पंच, समोर या ना, नीट दिसेल," मी म्हटलं.

"समोर बसून दिसतो तो तमाशा, मास्तर. सामना रेषेवरनं दिसतो."

आवाज बंद. पडवीत फक्त आतून येणारा काकूंच्या विळीचा आवाज. टीव्हीवर झटापट झाली की पडद्यावरच्या पंचाच्या आधी यांचा हात जायचा: गुण या बाजूला, तो बाद, बोनसला अंगठा वर. दहातल्या नऊ वेळा पडद्यावरचा पंच तोच निर्णय द्यायचा. दहाव्या वेळी ते पुटपुटत, "ह्याला रेषा दिसली नसंल. कोनाला आला तो." पंचाची चूक ते समजून घ्यायचे. समालोचकाची मात्र नाही. कुणी पाहुणा आला आणि "जरा आवाज वाढवा की" म्हणाला की संपलंच. पंच आवाज वाढवायचे आणि मग पाहुण्याला शेजारी उभं करून एकेक चूक दाखवायचे. चौघे बचावपटू असताना हा म्हणतो अव्वल पकड. अव्वल पकड तिघांची, किंवा तिघांहून कमी. हा म्हणतो चढाईपटू निदानरेषेला शिवून आला म्हणून वाचला. शिवून? रेषा ओलांडावी लागते! "ज्याला शिवणं नि ओलांडणं कळत नाय, त्याला माइक कुनी दिला?" असं ते पाहुण्यालाच विचारायचे. पाहुणा चहा अर्धा टाकून उठायचा.

ते वाहिनीला पत्रं लिहायचे. पोस्टकार्डावर, बारीक अक्षरात, प्रत्येक चुकीला एक कार्ड. "महोदय, काल दुसऱ्या सत्रात आपल्या समालोचकांनी पुढीलप्रमाणे चुकीचे सांगितले," मग नियम, मग "कृपया उद्या दुरुस्ती जाहीर करावी". टपालपेटीत टाकायला पुष्कळदा मीच न्यायचो. एका मोसमात चाळीसेक कार्डं तरी गेली असतील. उत्तर एकदाच आलं, रंगीत, छापील: आपण आमच्या स्पर्धेत भाग घेतल्याबद्दल आभारी आहोत, आवडत्या खेळाडूसोबतचा आपला फोटो पाठवा. काकू हसून हसून बेजार. मीही हसलो. पंच हसले नाहीत. ते कार्ड हातात धरून पायरीवर बसले आणि म्हणाले, "वाचलंच नाय, मास्तर. चाळीस येळा लिवलं आन् एकदा बी वाचलं नाय."

माइकबद्दल हा माणूस एवढा कडक का, ते मला काकूंनी सांगितलं. बसस्थानकावर असताना एका संध्याकाळी त्यांनी लांज्याची गाडी चुकीच्या फलाटावर पुकारली. एक म्हातारी डोक्यावर बोचकं घेऊन त्या फलाटावर धावली आणि गाडी दुसरीकडून निघून गेली. शेवटची गाडी. तिची लेक लांज्याच्या पुढे बाळंत होत होती. पंच तिला घरी घेऊन आले, काकूंनी जेवू घातलं आणि पहाटेच्या पहिल्या गाडीत स्वतः बसवून दिलं. "बाळंतपण नीट झालं हो," काकू म्हणाल्या, "पण हे पंधरा दिवस नीट जेवले नाहीत." त्यानंतर गाडी डोळ्यांनी फलाटावर लागलेली दिसल्याशिवाय त्यांनी तोंड उघडलं नाही. चालक हॉर्न वाजवायचे, वाहक खिडकीशी येऊन शिव्या घालायचे, हे ढिम्म.

आणि पक्षपात म्हणाल, तर ऐका. त्यांचा थोरला मुलगा कॉलेजात चांगला चढाईपटू होता. तालुक्याच्या उपांत्य सामन्यात वडील रेषेवर, मुलगा चढाईला. परत येताना चढाईत त्याचा दम तुटला. तोंडातलं 'कबड्डी कबड्डी' क्षणभर थांबलं. मैदानात कुणाला कळलं नाही, प्रतिस्पर्ध्यांनाही नाही. बापानं शिट्टी वाजवून मुलाला बाद दिलं आणि संघ हरला. काकूंचा भाऊ त्या संघाचा व्यवस्थापक होता. त्यानं दोन वर्षं या घरात पाणी घेतलं नाही. मुलगा आता लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत एका रासायनिक कारखान्यात आहे. गणपतीला आला की तो हा किस्सा हसत सांगतो, आणि शेवटी बापाकडे बघून म्हणतो, "तुटला होता ओ दम. मलाच ठाऊक." पंच मान हलवतात.

हे सगळं मी एवढ्यासाठी सांगतोय की पुढे या माणसाला लोक 'विकला गेलेला' म्हणाले. आणि ते माझ्यामुळे म्हणाले.

मी तेव्हा शिक्षणसेवक. म्हणजे तीन वर्षं तुटपुंज्या मानधनावर शिकवायचं आणि संस्थेची मर्जी राहिली तर कायम व्हायचं. आमची शाळा लांज्याच्या अलीकडच्या एका गावात. संस्थेचे जे अध्यक्ष, तेच गावच्या क्रीडा मंडळाचेही अध्यक्ष. मंडळाची कबड्डी स्पर्धा दरवर्षी व्हायची. त्या वर्षी मॅट आणली होती, दिव्यांचे खांब उभे केले होते आणि सामने मोबाइलवर थेट दिसणार होते. मुंबईतला निम्मा गाव तिकडून बघणार. अध्यक्षांनी मला बोलावलं. "सर, तुमचा आवाज चांगला आहे. समालोचन तुम्ही करायचं. पण शाळेत शिकवता तसं नको. टीव्हीसारखं पाहिजे. जोश पाहिजे!"

मला आनंद झाला, हे लपवत नाही. पंचांना सांगितलं तर तेही खूश झाले. त्या स्पर्धेला रेषेवर तेच असणार होते. चार संध्याकाळी त्यांनी मला पडवीत उभं करून नियम पाठ करून घेतले. शेवटी म्हणाले, "बाकी काय बी बोला. पन शिट्टी वाजली की आधी माझा हात बगायचा. हात बगितल्याबिगर गुण सांगायचा नाय." मी शब्द दिला.

तीन दिवस मी तो पाळलाही. अंतिम सामना यजमान गाव विरुद्ध लोट्याच्या कामगारांचा संघ असा झाला. दहाएक हजार लोक असतील, आंब्याच्या बागेच्या दगडी गडग्यावरसुद्धा माणसं बसलेली. शेवटची चढाई गावाची, आणि गाव एका गुणानं मागे. चढाईला निघाला तो मुंबईहून खास रजा टाकून आलेला मुलगा, गावाचा लाडका. आणि माझ्या अंगात टीव्ही संचारला. "एक गुण! फक्त एक बोनस! एक बोनस आणि बरोबरी!" मी कर्ण्यातून ओरडत होतो, आणि सगळं मैदान माझ्यामागून ओरडायला लागलं, "बोनस! बोनस!"

आता नियम साधा आहे. समोर सहा किंवा सात बचावपटू असतील तरच बोनस रेषा ओलांडल्याचा गुण मिळतो. पाच असतील तर ती रेषा नुसती रंगाची पट्टी. त्या वेळी समोर पाच होते. हे मी मोजलं नाही. त्या पोरानंही मोजलं नाही, कारण मंचावरचा शिकलेला माणूस माइकवरून बोनस म्हणतोय म्हटल्यावर तो कशाला मोजेल? कुणाला हात लावायच्या भानगडीत न पडता तो आत घुसला, एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकवला, दुसरा हवेत, सुंदर, आणि उडी मारून परत आला. मी पंचांच्या हाताकडे पाहिलं नाही. "बोनस! स्पष्ट बोनस! बरोबरी!" फटाके लागले. लोक मॅटवर आले. आणि त्या गर्दीत तो किरकोळ माणूस हात आडवा हलवत उभा होता. बोनस नाही. सामना लोट्यानं जिंकला.

त्यांच्या सदऱ्याची बाही फाटली. पोलीसपाटलांनी त्यांना शाळेच्या ऑफिसात बसवलं म्हणून पुढचं टळलं. पण खरं पुढेच होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी एक छोटा व्हिडिओ गावागावांच्या ग्रुपवर फिरू लागला. चित्र जवळून घेतलेलं: पोराचा पाय रेषेपलीकडे, दुसरा हवेत, वरून माझा आवाज "स्पष्ट बोनस!", आणि मग पंचांचा आडवा हात. समोर किती उभे होते ते त्यात दिसतच नव्हतं. खाली लिहिलेलं, 'पंच विकला'. कुणीतरी शोध लावला की पंचांचा मुलगा लोट्याला नोकरीला आहे. मग काय, पुरावाच मिळाला! तो वेगळ्या कारखान्यात होता, त्या संघाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. पण एवढं कोण बघतंय? महिन्याभरात जिल्ह्याच्या संघटनेनं पंचांना कळवलं की तूर्त आपण विश्रांती घ्यावी. हे 'तूर्त' कधीच संपलं नाही.

मी पूर्ण चित्रण दुसऱ्याच दिवशी पाहिलं होतं. चढाई सुरू होण्याआधी एका क्षणी सगळी मॅट दिसते. एक, दोन, तीन, चार, पाच. तीनदा मोजले. मोबाइल उचलून 'मी चुकलो' एवढं लिहायला अर्धं मिनिट लागलं असतं. पण गाव सगळं अध्यक्षांचं, हरल्याचा राग सगळ्यांना, आणि कायम होण्याचा कागद अध्यक्षांच्या सहीचा. मी गप्प बसलो. टीव्हीवरच्या त्या कोटवाल्याला शिव्या घालताना मला हे आठवत नाही असं समजू नका. त्याला निदान माहीत तरी नसतं. मला माहीत होतं.

आणि पंच मला एका शब्दानं बोलले नाहीत. भाडं वाढवलं नाही, खोली सोडा म्हटलं नाही. मी जिना उतरलो की "मास्तर, चाय घ्या" पूर्वीसारखंच. संध्याकाळी आठ वाजता पांढरा सदरा घालून टीव्हीशेजारी उभे राहायचे, पण हात खाली. निर्णय देणं त्यांनी थांबवलं होतं. चुका मात्र अजून मोजायचे. "ऐकलाव? काय बोलला बगा. ह्याच्या एका शब्दानं तिकडं त्या पंचाला उद्या लोक रस्त्यात अडवतील." मी चहाच्या कपात बघत बसायचो. त्यांनाही रस्त्यात अडवलंच होतं कुणीतरी, काकूंनी सांगितलं. बाजारात एक कोळीण मासे देताना म्हणाली होती, "पंचांना काय, पापलेट परवडेल आता."

वर्ष गेलं. मी कायम झालो. पुढच्या स्पर्धेच्या आधी अध्यक्षांनी पुन्हा बोलावलं. या वेळी उद्घाटनाला पंचांचा सत्कार करायचा होता, ज्येष्ठ पंच म्हणून; शाल, श्रीफळ, मानपत्र. मानपत्र मी लिहायचं, वाचायचंही मी. मी ते लिहिलं. 'निःस्पृह', 'कबड्डीचे व्रतस्थ उपासक', असले सगळे शब्द घातले. त्या एका चढाईबद्दल अवाक्षर नाही. पंचांना निमंत्रण गेलं तेव्हा ते पडवीत येरझारा घालायला लागले. काकू मला म्हणाल्या, "गावाला कळलं वाटतं. कुणीतरी मोजलं असेल." आणि पंचांनी नवीन सदरा शिवायला टाकला. कायम झाल्याचा कागद माझ्या कपाटात दोन महिने पडून होता. म्हणजे आता भीतीलाही कारण नव्हतं, नुसती गप्प बसायची सवय झाली होती.

मंचावर पंच मधल्या खुर्चीत बसले, काकू पुढच्या रांगेत. मी मानपत्र वाचलं. टाळ्या झाल्या. मग अध्यक्ष उठले. "मंडळी, माणूस म्हटला की चूक होते. गेल्या वर्षी यांच्याकडूनही झाली. आपल्या गावाचा करंडक गेला. पण आपलं गाव मोठ्या मनाचं आहे. झालं गेलं आपण विसरलो, आणि यांना माफ केलं!"

जोरात टाळ्या. त्या मोठ्या मनाच्या टाळ्या अजून माझ्या कानात आहेत आणि अजून संताप येतो. अध्यक्षांनी शाल उलगडली. पंचांनी मान पुढे केली नाही. त्यांनी शाल हातानं बाजूला सारली आणि माझ्याकडे वळले.

"मास्तर, माइक तुमच्या हातात हाय. त्या चढाईला समोर किती उभे होते, तेवढं सांगा लोकांना."

अध्यक्ष हसले. "अहो पंच, आता ते कशाला उगाच..."

"तुमाला नाय विचारलं. मास्तरांना विचारलं."

काकू पदर हातात घट्ट धरून माझ्याकडे बघत होत्या. कर्ण्यातून नुसता माझा श्वास ऐकू येत होता.

"पाच," मी म्हणालो. "पाचच होते. बोनस नव्हता. मी न मोजता ओरडलो. पंचांचा निर्णय बरोबर होता."

टाळी कुणीच वाजवली नाही. अध्यक्षांनी शाल घडी करून तबकात ठेवली. पंच उठले, नव्या सदऱ्याची बाही सारखी केली आणि मंचाच्या पायऱ्यांकडे निघाले. माझ्याजवळ आल्यावर थांबले. त्यांनी माझ्या हातातल्या माइकचं बटण स्वतःच्या अंगठ्यानं बंद केलं, म्हणजे बाकी कुणाला ऐकू जायला नको, आणि हळू आवाजात म्हणाले, "पाच मोजायला वरीस लागलं तुमाला, मास्तर."